उजव्या खुर्चीची परीक्षा

नाशिक रोड

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं वाचताना कुणी माझ्याकडून शौर्याची अपेक्षा ठेवणार नाही. कसाऱ्याचा घाट उतरताना मी आजही डोळे मिटून बसते. लिफ्टमध्ये एकटी चढत नाही. ओझरहून उडालेलं विमान शाळेवरून गेलं की पोरं अंगणात धावतात आणि मी दाराची चौकट धरते. अशा बाईच्या पोटी विमान चालवणारी मुलगी यावी, याला काय म्हणावं? विंचूरजवळच्या ज्या गावात मी सव्वीस वर्षं चौथीचा वर्ग घेते, तिथली एक पालक बाई मला म्हणाली होती, "बाई, तुमची पोरगी इमान चालवती म्हणं? लय डेरिंग हे तिच्यात." मी हसून मान हलवली. डेरिंग तिच्यात असेल, धडधड सगळी माझ्या वाट्याला आली होती.

श्रावस्ती आमची एकुलती एक. दीड वर्षापासून ती मलेशियात, कुआलालंपूरजवळ, सहवैमानिक व्हायचं शिक्षण घेत होती. हे शिक्षण नव्या पद्धतीचं. पूर्वी म्हणे वैमानिकाचे तास मोजायचे, इतके तास हवेत काढले की परवाना. आता तासांपेक्षा काम बघतात. हात कसा चालतो, संकटात डोकं कसं चालतं, शेजारच्याशी बोलता कसं येतं, असे आठ-नऊ रकाने, आणि प्रत्येकात एक ते पाच गुण. बाकी सगळीकडे पाच मिळाले आणि एका रकान्यात एक पडला, तर नापास. बहुतेक शिक्षण जमिनीवरच्या बनावट विमानात होतं, आणि शेवटी मिळणारा परवाना फक्त उजव्या खुर्चीचा. मोठ्या विमानात, शेजारी कॅप्टन असतानाच उडवायचं. दोन माणसांचं छोटं विमान एकटीनं घेऊन जायची परवानगी नाही. तिनं हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अगं, म्हणजे लूना येत नाही आणि थेट दीडशे माणसांची बस? ती खूप हसली होती.

त्या दिवशी फोनवर ती हसत नव्हती. बनावट विमानातली शेवटची परीक्षा नापास झाली होती. दहा दिवसांनी आणखी एकच संधी, आणि तीही गेली तर शिक्षण बंद, घरी परत. तिनं विचारलं, पप्पा येतील का थोडे दिवस? पप्पा. आई नाही. मला ते लागलं, खोटं कशाला बोलू. पण तिकीट काढायला बसल्यावर कळलं की ह्यांचा पासपोर्ट केव्हाच संपलाय. माझा मात्र कोरा करकरीत होता. आम्हा शिक्षिकांची श्रीलंकेची सहल ठरली होती तेव्हा काढलेला, आणि विमानाच्या धास्तीनं मी ऐनवेळी माघार घेतल्यामुळं न वापरलेला.

ह्यांनी मुंबईपर्यंत गाडीनं सोडलं. विमानतळाच्या दारात दशम्यांची पिशवी माझ्या हातात देताना एवढंच म्हणाले, "तिला ओरडू नकोस."

हवेत

या भागाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, कारण निम्मा वेळ माझे डोळे मिटलेले होते. चढताना पुढच्या खोलीचं दार क्षणभर उघडं होतं. उजव्या खुर्चीत बसलेला मुलगा इतका कोवळा होता की माझ्या वर्गातून दहा वर्षांपूर्वीच बाहेर पडला असावा. मधे कुठंतरी विमान खडखडायला लागलं, तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी घोरणं थांबवलंसुद्धा नाही, आणि मी मात्र जीव मुठीत धरून त्या कोवळ्या पोराच्या आईचा विचार करत होते. ती माउली रात्री झोपते कशी? उतरल्यावर बघितलं, तर सीटच्या हातावर माझ्या नखांच्या खुणा उमटल्या होत्या.

पहिले दोन दिवस

श्रावस्ती न्यायला आली होती. वाळली होती. माझ्या पाया पडली आणि पहिलं वाक्य म्हणाली, "आई, सॉरी." मी ओरडले नाही. ह्यांना वचन दिलं होतं.

ती एका तमिळ बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर राहत होती. बाईंना सगळे अक्का म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांचे आजोबा-पणजोबा कधीकाळी रबराच्या मळ्यात कामाला आलेले. अक्कांना हिंदी येत नव्हतं, मला तमिळ येत नव्हतं, आणि आम्हा दोघींचं इंग्रजी सारखंच लंगडं होतं, त्यामुळं आमचं छान जमलं. चपला दाराबाहेर, सकाळी अंगण झाडणं, उरलेला भात टाकून न देणं, सगळं आपल्यासारखं. पहिल्या दिवशी त्यांनी नाश्त्याला केळीच्या पानात बांधलेला भात आणून दिला. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, काकडी, उकडलेलं अंडं, तळलेले शेंगदाणे आणि लालभडक तिखट चटणी. चटणीत बारीक वाळवलेले मासे. एक घास घेतला आणि माझे डोळे भरून आले. ती चक्क आमच्या घरची सुकटीची चटणी होती, थोडी गोडसर, एवढाच फरक. श्रावस्तीनं दोन घास चिवडून पान बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी ती मला तिच्या प्रशिक्षण केंद्रात घेऊन गेली. तिथले तिचे शिक्षक कॅप्टन हसन, साठीचे, पांढऱ्या दाढीचे, मृदू माणूस. मी त्यांना बघितलं आणि इतके दिवस मनात साठलेलं बाहेर पडलं. बोट रोखून विचारलं, तुम्हीच नापास केलं का हिला? श्रावस्ती लालबुंद झाली. नंतर तिनं सांगितलं की इथं कुणाकडे तर्जनी रोखणं म्हणजे मोठा उद्धटपणा, काही दाखवायचंच झालं तर मूठ वळून अंगठ्यानं दाखवतात. सव्वीस वर्षं ज्या बोटावर माझा वर्ग चालला, ते बोट घालायला मी खिसा शोधत होते, आणि साडीला खिसा नसतो.

कॅप्टन हसन रागावले नाहीत. खुर्ची दिली, चहा मागवला आणि हळूहळू, मला समजेल अशा इंग्रजीत सांगितलं. परीक्षेत शेजारी बसलेला कॅप्टन मुद्दाम चूक करतो. त्या दिवशी तो फार वेगानं उतरत होता. अशा वेळी उजव्या खुर्चीतल्या माणसानं स्पष्ट सांगायचं असतं, वेग जास्त आहे, विमान वर घ्या. ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा सांगायचं. तरीही नाही, तर मी ताबा घेतेय असं म्हणून घ्यायचा. वय, हुद्दा, काही बघायचं नाही. तुमच्या मुलीनं चूक सगळ्यांच्या आधी पाहिली, ते म्हणाले, पण ती कॅप्टनला सांगण्याऐवजी विचारत राहिली. बनावट विमान धावपट्टी संपल्यावर थांबलं. तिच्या हातांची मला काळजी नाही, तिच्या तोंडाची आहे.

मी चहा पिऊ शकले नाही. धावपट्टी संपल्यावर, हे दोन शब्द डोक्यात बसले ते बसलेच. बनावट होतं म्हणून ठीक. खरं असतं तर?

रविवार

शहरात सिंहली लोकांनी बांधलेला जुना विहार आहे, तिथं गेलो. पांढऱ्या कपड्यांतली कुटुंबं, कमळांची ताटं, उदबत्त्यांचा वास. वंदना सुरू झाली आणि मी चमकले. शब्द तेच, आमच्या कॉलनीतल्या विहारात दर पौर्णिमेला म्हणतो ते, पण चाल निराळीच, लांबवलेली. मी आपल्या चालीत पुढं निघून गेले आणि शेजारची म्हातारी माझ्याकडे वळून गोड हसली.

बुद्धापुढं काही मागायचं नसतं, हे मी स्वतः पोरांना सांगते. त्या दिवशी हात जोडले आणि मागितलंच. काय मागितलं ते लिहायला धीर होत नाही, पण लिहिते. मी मागितलं की ही नापास होऊ दे. धडधाकट घरी येऊ दे. शेजारी माझी लेक डोळे मिटून बसली होती, तिचे ओठ हलत होते, आणि मी असं मागत होते. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, काय मागितलंस? मी म्हटलं, तुझं भलं.

सोमवार

परीक्षा मंगळवारी सकाळी. सोमवारी तिचा सराव करायचा सोबती आला नाही, त्याची परीक्षा आधीच झाली होती आणि तो पुढच्या वर्गात गेला होता. मग तिनं मलाच बसवलं.

तिच्या खोलीत एका भिंतीवर विमानाच्या पुढच्या भागाचं खऱ्या मापाचं छापील चित्र चिकटवलेलं होतं. पडदे, घड्याळं, शेकडो बटणं. त्यापुढं दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि मधल्या स्टुलावर अक्कांचं लाटणं, तो इंजिनाचा दांडा. सगळे विद्यार्थी म्हणे असाच सराव करतात, कागदावर बोटं फिरवत, तोंडानं सगळं म्हणत.

"तू कॅप्टन," ती म्हणाली. "डावीकडे बस. या कागदावरचे उंचीचे आकडे वाचत खाली यायचं. मी काहीही बोलले तरी ऐकायचं नाही."

"ते मला जमेल," मी म्हणाले. ती तेवढ्यापुरती हसली.

मी वाचायला लागले. हजार. आठशे. ती समोरच्या छापील घड्याळावर बोट ठेवून म्हणाली, "आई, वेग जरा जास्त आहे का?" मी ऐकलं नाही. सहाशे. "म्हणजे, आपण परत वर जायचं का?" पाचशे. तीनशे. ती गप्प झाली. तिचा हात लाटण्यापाशी आला आणि तिथंच थांबला. आमचं कागदी विमान आपटलं.

असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी मी आकडे वाचतच नव्हते, तिचं बोलणं ऐकत होते. जरा जास्त आहे का. वर जायचं का. हे बोलणं मला ओळखीचं होतं. हे मी शिकवलेलं होतं.

ती माझ्याच वर्गात चौथीला होती. मीच तिला रोज नाशिक रोडहून बरोबर घेऊन जायचे. एकदा मोठे साहेब तपासणीला आले, मागच्या बाकावर बसले, आणि मी फळ्यावर भागाकार सोडवला. घाबरले होते, साहेबांपुढं मी नेहमीच घाबरते. श्रावस्तीनं हात वर केला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, बाई, चुकलंय. मी तिला मधल्या सुट्टीपर्यंत व्हरांड्यात उभं केलं. घरी आल्यावर समजावलं, अगदी शांतपणे, मोठ्यांचं चुकलं तरी चारचौघांत चुकलं म्हणायचं नसतं, विचारायचं, असं आहे का म्हणून. पोर हुशार. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागलं नाही. पाहुणे कौतुक करायचे, काय वळण लावलंय हो बाई! आणि मी शेखी मिरवायचे.

मी कागद खाली ठेवला.

"श्रावस्ती, त्या दिवशी भागाकार माझाच चुकला होता."

कुठला दिवस, असं तिनं विचारलंसुद्धा नाही. भिंतीवरच्या बटणांकडे बघत म्हणाली, "माहितीय, आई. वहीत मी बरोबर केला होता."

"मग तेव्हाच का नाही म्हणालीस? घरी तरी?"

"तू चिडली असतीस."

मला रडू आलं. चौदा वर्षांत ही गोष्ट मी ह्यांनाही सांगितली नव्हती, आणि ती मात्र रोज माझ्यासमोर बसून जेवत होती, सगळं माहीत असून. मी म्हटलं, मी चुकले गं. तुला शिक्षा केली तेही चुकलं आणि नंतर शहाणपणा शिकवला तो तर फारच. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, खाली जाऊन अक्कांकडून चहा करून आणला, आणि आम्ही दोघी चहात बुडवून दशम्यांचे शेवटचे तुकडे खात बसलो. त्यानंतर सराव झाला नाही.

रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या मनात भलतंच आलं. विहारात मागितलं ते खरं झालं तर? आणि आज दुपारी मी जे बोलले त्यानं ते खोटं ठरलं तर? दोन्हीची सारखीच भीती वाटत होती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, माझ्यापाठी दोन होते.

मंगळवार

केंद्रात वरच्या मजल्यावर एक काचेची खिडकी आहे, तिथून खालचं मोठं दालन दिसतं. कॅप्टन हसन यांनी मला तिथं बसवलं. खाली एक पांढरी खोली होती, सहा लोखंडी पायांवर उभी, खिडक्या नाहीत. तेच ते बनावट विमान. परीक्षक बाई, डाव्या खुर्चीत बसणारे एक कॅप्टन आणि त्यांच्यामागं श्रावस्ती, तिघं एका छोट्या पुलावरून आत गेले. दार लागलं. मग पूल उचलला गेला आणि खोली अधांतरी राहिली.

आत काय चाललंय याचा आवाज येत नाही. फक्त ती खोली हलताना दिसते. पुढं झुकते, मागं कलते, मधेच थरथरते. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. विमानात होते तेव्हा निदान डोळे मिटता येत होते, इथं मिटवत नव्हते. एकदा ती खोली पुढं झुकली आणि तशीच राहिली, बराच वेळ. मला वाटलं, हीच ती वेळ. उतरताहेत. बोल, बोल गं बाई, असं मी काचेला नाक लावून पुटपुटत होते, आणि बाजूच्या खुर्चीतली बाई माझ्याकडे बघून लांब सरकली. मग खोली जोरात हादरली आणि शांत झाली. वर गेली की आपटली, मला काही कळलं नाही. मी कॅप्टन हसनना शोधलं, ते कुठंच नव्हते.

बऱ्याच वेळानं पूल खाली आला. आधी परीक्षक बाई बाहेर पडल्या, गंभीर चेहऱ्यानं काहीतरी लिहीत. मग ते कॅप्टन. सगळ्यात शेवटी श्रावस्ती. तिचे डोळे लाल होते. तिनं वर खिडकीकडे बघितलं नाही.

संपलं, मी मनात म्हटलं. आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला. खरंच उतरला, अगदी मोकळा श्वास आला. स्वतःची लाज वाटायलाही वेळ झाला नाही, इतकं ते लगेच झालं.

अर्ध्या तासानं ती कागदांची फाइल छातीशी धरून खाली दारापाशी आली. तिनं तोंड उघडायच्या आत मी सुरू केलं. असू दे, म्हटलं, रडू नकोस. जगबुडी झाली नाही. आपण घरी जाऊ, उद्याचंच तिकीट बघू. वर्षभर आराम कर, मग बी.एड. कर, मी बोलते कुठं बोलायचं ते. पप्पांना मी सांगते. आपल्याला नकोच हे, जिवाला घोर. मी थांबतच नव्हते.

"नाही, आई," ती म्हणाली.

मी ऐकलं नाही. रस्त्यावर टॅक्सी दिसली, तिला मी हात केला.

"आई, मी येणार नाहीये. तू चुकतेयस. टॅक्सी थांबवू नकोस."

टॅक्सी थांबली. मी दाराकडे पाऊल टाकलं. तेव्हा तिनं माझा वर केलेला हात धरला, सरळ खाली घेतला, मला फुटपाथवर मागं ओढलं आणि टॅक्सीवाल्याला जायला सांगितलं. आवाज चढवला नाही. माफ कर म्हणाली नाही. आजवर मला असं कुणी अडवलं नव्हतं, ना घरात, ना शाळेत. मनगट तिच्या मुठीत तसंच होतं आणि मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"पास?" मी विचारलं.

"हो. रडले ती नंतर, विमान वर घेतल्यावर. सोमवारपासून खरं विमान."

मी मान हलवली. तिथल्याच कट्ट्यावर बसले. ती फोनवर पप्पांना सांगत होती आणि पलीकडून ह्यांचा आनंदानं फुटलेला आवाज मला ऐकू येत होता. आता ती खरंच उडणार होती, आणि तिला थांबवायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.